डेरिंजर घेऊ का?

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. मी डॅलसजवळ फ्रिस्कोला राहते, वय एकसष्ट. रिअल इस्टेट एजंट आहे, त्यामुळे अनोळखी माणसाला रिकामं घर दाखवायला बऱ्याचदा एकटीच जाते. मध्यंतरी एका गिऱ्हाइकानं आत शिरल्यावर माझ्या मागे दाराची कडी लावून घेतली. पुढे काही घडलं नाही, पण तेव्हापासून धसका बसलाय. परवा यांच्याबरोबर गन शोला गेले होते. तिथे दोन नळ्यांचं, तळहाताएवढं स्टीलचं डेरिंजर पाहिलं. लाकडी मूठ, नक्षी, अगदी दागिना. विकणारा म्हणाला, बायकांच्या पर्ससाठी याहून चांगलं काही नाही. पंचेचाळीसची गोळीही चालते आणि छर्ऱ्यांचं काडतूसही, नेम धरायचीसुद्धा गरज नाही. यांना पटलं. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, मोठं पिस्तूल मला झेपणार नाही. टेक्ससमध्ये आता परवाना लागत नाही असंही ऐकलं. आम्ही दोघं सिटिझन आहोत. एच-वनवर आलेला भाचा सध्या आमच्याकडेच असतो, तो माझ्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर यायला एका पायावर तयार आहे. तीन वर्षांचा नातू शनिवार-रविवार आमच्याकडे असतो. घेऊ का?
— घरं दाखवणारी, फ्रिस्को

उत्तर : ताई, नका घेऊ. हौस म्हणून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या आणि तिजोरीत ठेवा. पण रिकाम्या घरात अनोळखी माणसासमोर एकटीनं उभं राहायचं आणि सगळी भिस्त त्या दोन गोळ्यांवर ठेवायची, हे मला पटत नाही. त्यातून तुमचा अंगठा दुखरा. डेरिंजरचं निम्मं काम अंगठ्याचंच असतं, आणि हे विकणाऱ्यानं तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

या पिस्तुलाचा दबदबा आहे तो जुन्या काळातला. फिलाडेल्फियाचे हेन्री डेरिंजर नावाचे कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खिशात मावेल असं एकनळी पिस्तूल बनवत. सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला निघालेल्यांनी ते उचलून धरलं, मग नकला निघाल्या आणि त्यांचं आडनाव सगळ्या जातीलाच चिकटलं. तुम्ही पाहिलंत तो एकावर एक दोन नळ्यांचा घाट रेमिंग्टन कंपनीचा. त्यांनी तो १८६६ पासून थेट १९३५ पर्यंत बनवला. त्या काळी असं पिस्तूल बाळगण्यात शहाणपण होतं. मोठं रिव्हॉल्व्हर घ्यावं तर ते अडीच पौंडांहून जड. ते कोटात लपवणार कसं? रेमिंग्टनच्या त्या पिस्तुलाची एक्केचाळीस बोअरची गोळी सेकंदाला जेमतेम सव्वाचारशे फूट जायची, आजच्या साध्या नऊ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी वेगानं. तरी लोक तिला भ्यायचे, कारण जखम चिघळली की माणूस हमखास जायचा. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडली गेली आणि ते वारले १९ सप्टेंबरला. मधल्या काळात डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपून चाचपून त्यांचा जीव घेतला, असंच आज बहुतेक जाणकार म्हणतात. (ते पिस्तूल डेरिंजर नव्हतं, ब्रिटिश बुलडॉग रिव्हॉल्व्हर होतं, सांगायचा मुद्दा त्या काळच्या भीतीचा.) पोटात गोळी शिरणं म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांनी मरण, एवढं ठाऊक असलेला माणूस टेबलापलीकडची छोटीशी नळी पाहूनच थंड पडायचा. पण तुमच्या अंगावर धावून येणाऱ्याला तुम्हाला आठवड्यानं थांबवायचं नाहीये, त्याच क्षणी थांबवायचंय.

डेरिंजरची सगळ्यांत प्रसिद्ध गोळी १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये सुटली. जॉन विल्क्स बूथनं मागून, अगदी जवळून, बेसावध बसलेल्या अब्राहम लिंकन यांच्या डोक्यात ती झाडली. पुढचा भाग लोक विसरतात. शेजारी बसलेले मेजर रॅथबोन बूथवर झेपावले तेव्हा बूथच्या हातातल्या एकनळी पिस्तुलाचा काही उपयोग उरला नव्हता. त्यानं ते टाकून दिलं, सुरा काढला आणि मेजरच्या दंडावर वार करून पळाला. म्हणजे सगळी तयारी करून आलेल्या, स्वतः निवडलेल्या क्षणी हल्ला करणाऱ्या माणसानंही डेरिंजरच्या जोडीला दुसरं शस्त्र आणलं होतं. तुम्हाला क्षण निवडता येणार नाही. तो समोरचा निवडणार.

आजची डेरिंजरं पुष्कळ सुधारली आहेत, हे मात्र मान्य केलं पाहिजे. तुमच्यापासून गाडीनं दीड-दोन तासांवर ग्रॅनबरी गावात बाँड आर्म्स कंपनी आहे, ती बनवते ते काम भक्कम असतं: स्टेनलेस स्टील, चापाला (म्हणजे ट्रिगरला) कडं, आडवा सेफ्टीचा खटका, आणि गोळी सुटल्यावर घोडा (म्हणजे मागून आपटणारा हॅमर) काडतुसापासून आपोआप थोडा मागे राहण्याची सोय. जुन्या रेमिंग्टनमध्ये यातलं काही नव्हतं; घोडा खाली असला की पिन सरळ काडतुसावर टेकलेली, पिस्तूल हातातून पडलं तर गोळी सुटायची भीती. जस्ताच्या मिश्रधातूच्या स्वस्त डेरिंजरांतही ही जुनी रड असते. बाजारात शंभर-दीडशे डॉलरला एखादं जुनं दिसलं तर त्याच्या वाटेलाही जाऊ नका.

आता तुमच्या अंगठ्याकडे येऊ. तुम्ही पाहिलंत तसलं डेरिंजर सिंगल ॲक्शन असतं. म्हणजे प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागतो आणि स्प्रिंग कडक असते. जाड सुपारी अडकित्त्यात धरून दाबताना अंगठ्याच्या मुळाशी जो ताण येतो तोच इथे येतो, फक्त इथे तुमचे हात थरथरत असतील आणि तळवे घामेजलेले असतील. एवढं करून चाप आपल्या रोजच्या अंदाजानं सरळ मागे ओढला की तो भलताच जड लागतो. बाँडच्या चापाला थोडं खाली झुकवून ओढायची सवय करावी लागते. पहिली गोळी सुटली की पिस्तूल हातात उसळतं, पकड सुटते, ती परत जमवायची, पुन्हा अंगठा, पुन्हा घोडा. मग दुसरी गोळी. ती दुसऱ्या नळीतून जाणार, आणि दोन नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागतील असं नसतं. त्यानंतर नळ्या उघडायच्या, रिकामी टरफलं नखानं ओढून काढायची, नवी दोन काडतुसं बसवायची. संधिवाताच्या बोटांनी. समोर माणूस असताना.

यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. समजा तुम्ही घोडा ओढलात आणि समोरचा हात वर करून मागे सरला, पळाला. आता तो ओढलेला घोडा भरलेल्या पिस्तुलावर अंगठ्यानं धरून, दुसऱ्या बोटानं चाप दाबून, अलगद खाली आणायचाय. निवांत असताना, रेंजवर, धडधाकट अंगठ्यानंही हे मी शिकणाऱ्यांना फार जपून करायला लावते. काळीज धडधडत असताना तुमचा अंगठा घसरला तर गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. तुमच्या बाबतीत मला डेरिंजरचं हे सगळ्यांत मोठं भय वाटतं, दोनच गोळ्या असण्याहूनही मोठं.

दोन गोळ्यांबद्दल लोक म्हणतात, बहुतेक वेळा पिस्तूल दाखवलं तरी पुरतं. बरेचदा पुरतही असेल. पण न पुरल्यास काय, यासाठीच तर ते घ्यायचं असतं ना? न्यूयॉर्क पोलिसांसाठी रँड संस्थेनं २००८ मध्ये एक अभ्यास केला. १९९८ ते २००६ या काळात, समोरून गोळ्या येत असताना झालेल्या चकमकींत प्रशिक्षित पोलिसांचा नेम लागण्याचं सरासरी प्रमाण १८ टक्के निघालं. तुम्ही पोलीस नाही, हल्लेखोराकडे बंदूक असेलच असंही नाही. तरी भीतीनं माणसाच्या हाताचं काय होतं ते यावरून कळतं.

बरं, तो छर्ऱ्यांचा मुद्दा. ‘नेम धरायची गरज नाही’ हे वाक्य बंदूक विकणाऱ्याच्या तोंडून आलं की त्याच्याकडून दुसरंही काही घेऊ नये. चारशे दहा बोअरचं ते काडतूस लांब नळीच्या बंदुकीसाठी जन्मलेलं आहे. तीन इंचांच्या नळीत त्याची दारू पुरती जळत नाही, वेग मरतो. शिवाय पंचेचाळीसच्या गोळीसाठी नळीत आटे पाडलेले असतात, त्यांनी छर्रे गरगर फिरत बाहेर पडतात आणि चटकन पांगतात. पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे जाड कपड्यातून कातडीच्या फारसे आत जात नाहीत. मोठे घ्यावेत तर अडीच इंची काडतुसात त्यातले चारच बसतात. चार छर्रे म्हणजे नेम धरायलाच हवा, आणि जो चुकला तो कुणाच्या भिंतीत गेला याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. तुमच्याकडच्या नव्या घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या पातळ पाट्यांच्या. त्यांतून तो पार पलीकडे जातो.

आणि पंचेचाळीसची गोळी? पंचेचाळीस कोल्ट हे काडतूस १८७३ मध्ये घोडदळाच्या रिव्हॉल्व्हरबरोबर आलं. त्या रिव्हॉल्व्हरचं वजन सव्वादोन पौंडांहून जास्त. तेच काडतूस वीस औंसांच्या, दोन बोटांत मावणाऱ्या मुठीच्या पिस्तुलातून झाडलं की सगळा धक्का नेमका अंगठ्याच्या मुळाशी बसतो. धडधाकट, दणकट पुरुषही हे दिवसभर झाडत नाहीत. सरावात झाडवत नाही ते शस्त्र सरावाशिवायच राहतं, मग गरजेच्या वेळी त्याच्यावर कुठल्या तोंडानं विसंबायचं?

शस्त्र हलकं-लहान-सुंदर केलं की बायकांना चालेल, ही समजूत काही फक्त टेक्ससची नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर खास भारतातल्या बायकांसाठी म्हणून आणलं. अर्धा किलो वजन, बत्तीस बोअर, किंमत लाखाच्या वर, आणि मिळायचं ते दागिन्यांच्या पेटीसारख्या पेटीत! त्यात निदान सहा गोळ्या होत्या. तुमच्या पत्रात ‘दागिना’ हा शब्द वाचला आणि मला ती पेटी आठवली. पिस्तूल जितकं लहान, तितकं ते झाडायला अवघड: धक्का जास्त, पकड कमी, नेमाच्या खुणांतलं अंतर तोकडं. नवख्या माणसाला बरं असतं ते मधल्या आकाराचं.

आता लहान आकाराचाच हिशोब करू. बाँडचं टेक्सस डिफेंडर पाच इंच लांब, वीस औंसांचं, दोन गोळ्यांचं. रुगर कंपनीचं एलसीपी लांबीला जवळपास तेवढंच, वजनाला दहा औंसांच्या आतबाहेर, जाडीला कमी, आणि त्यात सहा अधिक नळीत एक अशी सात काडतुसं. त्याच कंपनीच्या एलसीपी मॅक्समध्ये दहा अधिक एक. म्हणजे लपवण्याच्या ज्या गुणासाठी डेरिंजर घ्यायचं, त्यातही ते आता मागे पडलंय. मग ते कुणी घ्यावं? शेता-रानात हिंडणाऱ्यांनी, पायाजवळच्या सापावर छर्ऱ्याचं काडतूस झाडायला. टेक्ससच्या रँचवर रॅटलस्नेक आणि कॉपरहेड दोन्ही भेटतात, तिथे ते खरंच कामाचं आहे. कंबरेला मोठं पिस्तूल असताना जोडीला दुसरं म्हणूनही काही जण ठेवतात. तुमचं काम यातलं कुठलंच नाही.

तुमच्या हाताला काय चालेल ते दुकानात ठरत नाही, रेंजवर ठरतं. बहुतेक मोठ्या रेंजवर पिस्तुलं भाड्यानं मिळतात. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी, तीनशे ऐंशी काडतुसाचं, आधी हातात घ्या. त्याची स्लाइड, म्हणजे हातानं मागे ओढायचा वरचा सरकता भाग, मुद्दाम हलकी केलेली आहे, आठ अधिक एक काडतुसं बसतात, वजन अठरा औंसांच्या थोडं वर असल्यामुळे धक्का सोसवतो. मॅगझिन भरतानाही अंगठ्याला आधार द्यायला बाजूला खुंट्या आहेत. स्लाइड ओढणंच नको वाटलं तर बेरेटाचं टॉमकॅट पाहा. त्याची नळी खटका दाबल्यावर मागच्या बाजूनं वर उघडते, पहिलं काडतूस हातानं ठेवून बंद करायची. बत्तीस बोअर आहे, ताकदीला बेताचं, पण तुम्हाला ते नीट झाडता येईल. बावीस बोअरचं रुगरचं हलक्या स्लाइडचं एलसीपीही येतं. धक्का जवळपास नाही, पण बावीसचं काडतूस अधूनमधून फुसकं निघतं हे लक्षात ठेवून. छोट्या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरची शिफारस तुम्हाला दहा जण करतील. चांगली वस्तू आहे, पण तिचा चाप साधारण बारा पौंडांचा जोर मागतो, तुमच्या बोटांना तो जड जाईल. आणि रेंजवर डेरिंजर मिळालंच तर दोन गोळ्या झाडून बघा, यांनाही झाडू द्या. माझ्या एवढ्या लांबलचक पत्रापेक्षा ते लवकर पटेल.

परवान्याचं अर्धवट ऐकलंत. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं, हे खरं. तरीही एलटीसी, म्हणजे राज्याचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना, काढाच. शुल्क चाळीस डॉलर, वर्ग चार ते सहा तासांचा. एक कारण तुमच्या धंद्यातलंच आहे: शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आत रस्त्यावर भरलेलं पिस्तूल नेणं केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्यातून सूट मिळते ती राज्याचा परवाना असलेल्याला. फ्रिस्कोत शाळेपासून लांब असलेली घरं तुम्ही किती दाखवता? शिवाय एलटीसीच्या परीक्षेत पन्नास गोळ्या झाडाव्या लागतात, आणि तीन यार्डांवरून दहा सेकंदांत पाच गोळ्या असाही एक टप्पा असतो. डेरिंजर घेऊन हा टप्पा करून दाखवा म्हणावं त्या विकणाऱ्याला. घराचे मालक आणि तुमची ब्रोकर कंपनी यांचे नियम वेगळे असू शकतात. पिस्तूल घेऊन लोकांच्या घरात शिरण्याआधी कंपनीला लेखी विचारून ठेवा.

भाच्याला मात्र स्पष्ट ‘नाही’ सांगा. एच-वन हा बिगर-स्थलांतरित व्हिसा आहे, आणि अशा व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण रेंजवर भाड्यानं घेतलेलं पिस्तूल हातात धरणंही ‘बाळगण्यात’ येतं, हे पुष्कळ मुलांना माहीत नसतं. मित्रांबरोबर गंमत म्हणून जातात, फोटो टाकतात, आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी तोच फोटो गळ्याशी येतो. घरातली तिजोरीही अशी हवी की तिची किल्ली किंवा आकडा त्याच्याकडे नसेल.

पर्स. इथे मी जरा कडक बोलणार आहे. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, किचनच्या ओट्यावर टाकतो, गाडीत मागच्या सीटवर फेकतो. तीन वर्षांच्या नातवाला आजीच्या पर्समध्ये चॉकलेट असतं हे पक्कं ठाऊक असतं. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यात खरेदीला गेलेल्या एका तरुण आईच्या पर्समधलं पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला लागलं आणि ती जागीच गेली. पर्स पिस्तुलासाठीच बनवलेली, वेगळ्या चेनच्या कप्प्याची होती. डेरिंजरचा घोडा कडक असतो म्हणून मूल सुरक्षित, असं कुणी सांगेल; ऐकू नका. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र निष्काळजीपणे ठेवणं हा गुन्हाही आहे. चोरानं खेचली तर पर्ससकट पिस्तूल जातं, ते वेगळंच. ठेवायचं तर अंगावर, चाप पूर्ण झाकणाऱ्या घट्ट होल्स्टरमध्ये. कुर्त्याखाली पोटाला बांधायचा पट्टा मिळतो, कामाच्या ट्राउझरला साधं बेल्टचं होल्स्टर. अंगावरून उतरलं की तिजोरीत.

पर्समधून काढायला वेळही लागतो. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मोजून दाखवलं की साधारण माणूस एकवीस फूट अंतर दीड सेकंदात धावून येतो. एकवीस फूट म्हणजे तुमच्या त्या मोठ्या दिवाणखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दीड सेकंदात चेन उघडेल? घोडा ओढून होईल?

म्हणून तुमच्या कामात पिस्तूल सगळ्यांत शेवटी येतं. २०१४ च्या सप्टेंबरात आर्कान्सामध्ये घर दाखवायला गेलेल्या एका एजंट बाईंचं अपहरण होऊन खून झाला, तेव्हापासून या धंद्यातले लोक अधिक सावध झालेत, तुम्हीही व्हा. नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा ऑफिसात किंवा कॉफीच्या दुकानात भेटू दे, ओळखपत्राचा फोटो काढून ऑफिसला पाठवा, आणि तो पाठवलाय हे त्याला कळू द्या. जो यालाच कुरकुर करतो त्याला घर दाखवूच नका. कमिशन गेलं तर जाऊ दे. गाडी ड्राइव्हवेत लावू नका, मागून कुणी अडवली की निघता येत नाही, रस्त्यावर लावा. घरात गिऱ्हाइकाला पुढे चालू द्या, खोल्यांत, कपाटांत, गराजमध्ये तुम्ही आधी शिरू नका, दाराशी उभ्या राहा. कडी तुम्ही उघडी ठेवा, आणि कुणी लावली तर पुढचं वाक्य ‘जरा ऑफिसचा फोन आहे’ आणि तुम्ही बाहेर. त्या दिवशी नेमकं याचं काही ठरलेलं नव्हतं म्हणून तुमचा एवढा थरकाप झाला. मिरचीचा फवारा (पेपर स्प्रे) आजच घ्या, हातात किंवा किल्लीच्या जुडग्यात ठेवा. टेक्ससमध्ये दुकानात मिळणारी छोटी डबी कायदेशीर आहे आणि तिला अंगठ्याचा फारसा जोर लागत नाही. संध्याकाळी उशिराचं, गावाबाहेरच्या नव्या बांधकामाचं घर असेल तर यांना गाडीत बसवून न्या. यांचं रिटायरमेंटचं काय चाललंय तसंही?

शिकायला बायकांचाच गट हवा असेल तर ‘अ गर्ल अँड अ गन’ नावाची संस्था आहे, ऑस्टिनमध्ये सुरू झालेली. तिच्या शाखा राज्यभर आहेत. तिथे आपल्या वयाच्या बायकाही भेटतील आणि सांध्यांच्या तक्रारी सांगायला लाज वाटणार नाही. अंगठ्याबद्दल तुमच्या डॉक्टरांनाही विचारा. सरावाच्या दिवशी आधाराचा पट्टा बांधून चालेल का ते डॉक्टरच सांगतील.

सराव सुरू झाला की एक गोष्ट पाळा. रेंजहून आलं की एखादं काडतूस बॅगेच्या शिवणीत, जॅकेटच्या खिशात राहतंच. अमेरिकेतून गेलेल्या कितीतरी लोकांना दिल्ली-मुंबईच्या विमानतळावर सामानात असं एक जिवंत काडतूस सापडल्यामुळे अडवलं गेलंय. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना एकही काडतूस चालत नाही. ‘माहीत नव्हतं’ हे कोर्टात पुष्कळदा मान्य होतं, पण तोवर गुन्हा नोंदवलेला असतो, सुट्टी पोलीस चौकीत आणि वकिलाकडे जाते, परतीचं तिकीट वाया जातं. म्हणून रेंजसाठी एक जुनी, रंगावरून ओळखू येईल अशी बॅग वेगळी काढा आणि ती विमानात कधीही नेऊ नका. आणि भारतात निघायच्या आदल्या रात्री यांच्या जॅकेटचेही सगळे खिसे उलटे करून बघा.